किल्ली फिरवली की नुसती टकटक: सेल्फ न घेणाऱ्या गाडीचं निदान

किल्ली फिरवली, डॅशबोर्ड उजळला, बॉनेटखालून ‘टक’ किंवा ‘टक-टक-टक-टक’ ऐकू आलं आणि पुढे काहीच नाही. इंजिन जागचं हललंसुद्धा नाही. अशा वेळी भोवती चार जण जमतात आणि चार सल्ले मिळतात: पेट्रोल संपलं असेल, प्लग गेला असेल, धक्का मारा, नवी बॅटरी टाका. पेट्रोल आणि प्लग हे दोन संशय तर लगेच बाजूला ठेवा. त्यांचा प्रश्न इंजिन फिरायला लागल्यावर येतो. तुमचं इंजिन अजून फिरतच नाहीये. (इंजिन ‘घर्र-घर्र’ फिरतंय पण पकडत नाहीये, असं असेल तर तो वेगळा आजार आहे, हा लेख त्यासाठी नाही.)

सेल्फच्या यंत्रणेत विजेच्या दोन वाटा असतात. एक बारीक वायरींची, हुकमाची: किल्लीचा स्विच, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), सोलेनॉइडची (स्टार्टरवरच्या जाड चुंबकी स्विचची) कॉइल. दुसरी जाड केबलींची, ताकदीची: बॅटरी, टर्मिनल, सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट, स्टार्टर मोटर आणि इंजिनच्या अर्थमधून (निगेटिव्हकडे जाणाऱ्या परतीच्या वाटेने) परत बॅटरी. पेट्रोल गाडीत सेल्फ मारताना या दुसऱ्या वाटेने साधारण १०० ते २०० अँपिअर करंट जातो, डिझेलमध्ये त्याहून जास्त. ‘टक’ ऐकू आलं याचा अर्थ हुकूम सुटलाय, ताकद मात्र पोचलेली नाही. ती बॅटरीतच कमी आहे, वाटेत अडलीय की स्टार्टरमध्ये वाया जातेय, एवढं शोधायचं आहे. हे न शोधता आधी बॅटरी, मग स्टार्टर, मग अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) असे सुटे भाग बदलत गेलेले आणि शेवटी एक सैल नट सापडलेले लोक मी पाहिलेत. तो खर्च आणि तो मनस्ताप टाळता येतो.

हाताशी काय ठेवायचं

- मल्टिमीटर. साधा, स्वस्तातलाही चालेल. डीसी २० व्होल्टची रेंज हवी.
- १० आणि १२-१३ नंबरचे पाने. बहुतेक गाड्यांच्या टर्मिनलला दहाचा पाना लागतो.
- तारेचा ब्रश, नसेल तर पॉलिश पेपर.
- खाण्याचा सोडा, पाणी, जुना टूथब्रश, थोडं व्हॅसलिन.
- जाड तांब्याच्या जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घ्यायच्या (‘जंप’ द्यायच्या) केबल. बारीक केबल तापतात आणि पुरेसा करंट नेत नाहीत, त्यामुळे निदानही चुकतं.
- रबरी हातमोजे, चष्मा, टॉर्च.
- गाडीचं मॅन्युअल आणि बॅटरीचं वॉरंटी कार्ड. बॅटरी कधी घेतली ती तारीख पुढे कामाला येते.

हात घालण्याआधी

गाडी न्यूट्रलमध्ये किंवा ‘पी’वर, हँडब्रेक ओढलेला. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पान्याने किंवा अंगठीने पॉझिटिव्ह टर्मिनल आणि बॉडी जोडली गेली तर धातू क्षणात लाल होतो. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळत असेल तर तिला चार्जही करू नका आणि जंपही देऊ नका, सरळ बदला. गाडी हायब्रिड असेल तर इथल्या चाचण्या तिला लागू नाहीत, मॅन्युअलमधलंच पाळा.

आणखी एक गोष्ट. गाडी पाण्यातून नेताना बंद पडली आणि त्यानंतर असा आवाज येतोय, तर सेल्फ पुन्हा मारूच नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टो करून न्या.

## १. आवाज नीट ऐका

दुसऱ्या कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून बाजूला उभे राहा.

भराभर टकटक म्हणजे सोलेनॉइड ओढला जातोय आणि सुटतोय. तो ओढला गेला की स्टार्टर करंट मागतो, व्होल्टेज एकदम कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येतं, आणि हे चक्र सेकंदाला अनेकदा चालतं. पहिला संशय उतरलेल्या बॅटरीवर किंवा खराब टर्मिनलवर.

एकच ठणठणीत ‘ठक’, तेही इंजिनच्या खालच्या अंगाकडून: सोलेनॉइड ओढला गेला आणि तसाच धरून राहिला, पण मोटर फिरली नाही. संशय स्टार्टरवर, जाड केबलवर, इंजिनच्या अर्थवर, क्वचित जाम झालेल्या इंजिनवर.

बारीक ‘टिक’, डॅशबोर्डखालून किंवा फ्यूज बॉक्समधून: हा नुसता रिलेचा आवाज. बोट रिलेवर ठेवलं तर टिचकी जाणवते. हुकूम रिलेपर्यंत आलाय, सोलेनॉइडपर्यंत गेलाय का ते बघावं लागेल.

काहीच आवाज नसेल तर क्लच पूर्ण दाबलाय का, गिअर ‘पी’मध्ये नीट बसलाय का (‘एन’मध्ये टाकूनही बघा), डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकतंय का, हे तपासा. चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझरला (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला) किल्ली ओळखता आलेली नाही.

## २. दिवा लावून सेल्फ मारा

हेडलाइट लावा आणि सेल्फ मारताना त्यांच्याकडे बघा. काही गाड्या सेल्फच्या वेळी हेडलाइट मुद्दाम तोडतात, तिथे आतला छतावरचा दिवा बघा.

दिवा एकदम मंदावला किंवा विझला, तर बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनल खराब आहे. ‘ठक’ झालं आणि दिवा तसाच लख्ख राहिला, तर करंट स्टार्टरमधून गेलाच नाही: सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट, मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश), नाहीतर स्टार्टरकडे जाणारी केबल. एकाच ‘ठक’बरोबर दिवा खूप मंदावला आणि बॅटरी मोजून चांगली निघाली, तर स्टार्टर भरपूर करंट खातोय पण फिरत नाहीये, म्हणजे तो किंवा इंजिन अडकलंय.

इथे नवखे लोक हमखास फसतात. ‘लाइट तर छान लागतात, हॉर्नही वाजतो, मग बॅटरी कशी खराब असेल?’ हेडलाइटचा ५५ वॅटचा एक बल्ब ५ अँपिअरही घेत नाही. तेवढं उतरलेली बॅटरीही देते. सेल्फला त्याच्या कितीतरी पट लागतं.

## ३. टर्मिनल: इथे घाई करू नका

बॅटरी बदलण्याआधी, जंप मागण्याआधी, टर्मिनल बघा. टर्मिनलची क्लिप हाताने पिळून बघा. ती पोस्टवर (बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर) केसभरही फिरली तर ती सैल आहे. पान्याशिवाय हलता कामा नये.

पांढरी किंवा हिरवट-निळी भुकटी दिसली तर ती झाडायची असतेच, पण भुकटी नसली म्हणजे टर्मिनल चांगलं असं समजू नका. खरा अडथळा क्लिपच्या आतल्या भिंतीवर असतो. क्लिप काढून आत टॉर्च मारा. चांगलं शिसं खरवडल्यावर चंदेरी चमकतं. खराब जागी काळपट, मातकट थर दिसतो, नखाने ओरखडा काढला तरी चमक येत नाही. हा थर वीज अडवतो आणि वरून काहीच दिसत नाही. केबल क्लिपमध्ये शिरते तिथलं रबरही दाबून बघा. आत कुरकुर लागली किंवा तो भाग फुगलेला वाटला तर तांब्याच्या तारा आतून गंजल्यात, ती केबल बदलायलाच हवी.

सेल्फचे चार-पाच प्रयत्न करून झाल्यावर सगळ्या जोडांजवळ हाताची मागची बाजू न्या. एखादा जोड बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर चोर तिथेच आहे. अडथळ्यातून करंट गेला की तिथे उष्णता होते. जपून, तो चटका बसण्याइतका तापलेला असू शकतो.

साफ करायची पद्धत:

१) गाडी बंद, किल्ली बाहेर. आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. उलटं केलंत आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर थेट शॉर्ट होतो.
२) सोडा पाण्यात कालवून टूथब्रशने लावा, फेस येणं थांबेपर्यंत. बॅटरीला झाकणं असतील तर ती घट्ट आहेत ना ते बघा, सोडा आत जाता कामा नये.
३) पुसून कोरडं करा. पोस्ट आणि क्लिपचा आतला भाग ब्रशने चंदेरी होईपर्यंत घासा.
४) आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह बसवा. क्लिप पोस्टच्या तळापर्यंत दाबून मगच नट आवळा.
५) व्हॅसलिन बसवून झाल्यावर बाहेरून लावा.

क्लिप पूर्ण आवळूनही फिरत असेल तर ती ताणली गेलीय, नवी लावा. पत्रा किंवा खिळा कोंबून ती घट्ट करणं हा रस्त्यावरचा उपाय, कायमचा नव्हे. बॅटरी काढल्यावर काही गाड्यांत घड्याळ, रेडिओ आणि काचांचं सेटिंग पुन्हा करावं लागतं. रेडिओला कोड लागतो का ते मॅन्युअलमध्ये आधी बघून ठेवा.

## ४. बॅटरी मोजा

गाडी काही तास उभी असेल तेव्हा मोजा. नुकतीच चालवून आणली असेल तर वरवरचा चार्ज खोटा आकडा दाखवतो, अशा वेळी हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि मग मोजा.

- १२.६ व्होल्ट किंवा जास्त: पूर्ण चार्ज
- १२.४ च्या आसपास: पाऊण
- १२.२ च्या आसपास: निम्मी
- १२.० किंवा कमी: जवळपास उतरलेली

पण उभ्या बॅटरीचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. म्हातारी बॅटरी १२.५ दाखवते आणि भार पडला की ६-७ वर कोसळते. म्हणून मीटरच्या सुया बॅटरीच्या पोस्टवर धरून सेल्फ मारायला सांगा. आकडा ९.६ च्या वर टिकायला हवा. खूप थंडीत तो थोडा खाली जाणं समजण्यासारखं आहे. चार्ज केलेली बॅटरीही भाराखाली कोसळत असेल तर तिचं आयुष्य संपलंय. ३ ते ५ वर्षांनंतर हे होणं स्वाभाविक आहे. बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट करून मिळते, नवी घेण्याआधी ती करून घ्याच.

आता उलट घडलं, म्हणजे सेल्फ मारताना आकडा १२.४ वरून हललाच नाही, तर बॅटरीकडून कुणी करंट मागितलाच नाही. बॅटरीला दोष देऊ नका आणि सरळ सहाव्या पायरीवर जा.

## ५. जंप देऊन बघा, पण क्रमाने

जंप हा उपाय आहे तसाच तो निदानही आहे. क्रम चुकवू नका:

१) लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला.
२) लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला.
३) काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला.
४) काळ्याचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते, ती बॅटरीच्या वायूजवळ नको.

दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत. चांगली गाडी चालू ठेवून पाचेक मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नको, मधे मिनिटभर विश्रांती. काढताना क्रम उलटा. लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर फ्यूज, अल्टरनेटर, कंट्रोल युनिट (गाडीचा संगणक) यांतलं काहीही जाऊ शकतं, म्हणून चिमटा लावण्याआधी बॅटरीवरचं अधिक-उणेचं चिन्ह डोळ्यांनी बघा. फक्त केबलच्या रंगावर विसंबू नका. बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असलेल्या गाड्यांत जंपसाठी बॉनेटखाली वेगळे पॉइंट दिलेले असतात.

जंपने गाडी लगेच चालू झाली, तर बॅटरी उतरलेली होती किंवा पोस्टवरच्या जोडाला चिमट्याने वळसा मिळाला. जंप देऊनही तेच ‘ठक’, तर बॅटरी सोडा, पुढे चला.

धक्का मारून चालू करायचा प्रयत्न फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीत होतो, आणि बॅटरी पूर्ण बसलेली असेल तर तिथेही नाही, कारण फ्यूएल पंप आणि कंट्रोल युनिटला वीज लागतेच. निदान म्हणून त्यातून काहीच कळत नाही.

## ६. ताकद वाटेत कुठे गळते ते मोजा

माझ्या मते सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी केली जाणारी चाचणी हीच. आधी हिशेब बघा. एखाद्या जोडात फक्त ०.०२ ओहमचा अडथळा आहे. हेडलाइटचे ५ अँपिअर त्यातून गेले तर ०.१ व्होल्ट गळतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. स्टार्टरचे १५० अँपिअर जायला लागले की त्याच जोडावर ३ व्होल्ट गळतात, आणि स्टार्टरला मिळतात नऊच्या आसपास. मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर इतका लहान अडथळा धड दिसत नाही, बझर तर मजेत वाजतो. म्हणून केबल मोजायची ती भाराखालीच, व्होल्टमध्ये.

अर्थची बाजू: एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर (क्लिपवर नको, शिशाच्या पोस्टवर), दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारायला सांगा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्याच्या वर गेला तर अर्थच्या वाटेत अडथळा आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याचा बॉडीशी संबंध एखाद-दोन अर्थच्या पट्ट्यांनीच येतो. ती पट्टी तुटली, गंजली किंवा इंजिनचं काम झाल्यावर परत लावायची राहिली, तर बॅटरी नवी कोरी असूनही नुसती टकटक.

पॉझिटिव्हची बाजू: एक सुई पॉझिटिव्ह पोस्टवर, दुसरी स्टार्टरवर जाड केबल येते त्या नटावर. इथेही ०.५ पर्यंत चालतं. जास्त आलं तर सुई एकेक जोड मागे आणत जा. आकडा ज्या जोडानंतर एकदम उतरतो, तो जोड खराब.

सुया लावताना फॅन आणि बेल्टपासून केबल आणि कपडे लांब ठेवा. स्टार्टर खाली असेल तर नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका.

## ७. स्टार्टर आणि रिले

बॅटरी चांगली, दोन्ही बाजूंची गळती कमी, तरी ‘टक’, म्हणजे आता स्टार्टर.

नुसती बारीक ‘टिक’ येत असेल तर फ्यूज बॉक्समधला सेल्फचा रिले त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी, बहुतेकदा हॉर्नच्या, बदलून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. तरी फरक नाही, तर सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर सेल्फ मारताना व्होल्टेज मोजा. साधारण बॅटरीइतकं येत असेल आणि सोलेनॉइड गप्प असेल, तर सोलेनॉइड गेलाय. व्होल्टेजच येत नसेल तर बिघाड मागे आहे: वायरिंग, फ्यूज किंवा स्विच.

ठणठणीत ‘ठक’ येऊन मोटर फिरत नसेल तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेत किंवा कार्बन झिजलेत. याची खूण म्हणजे गाडी कधी एका झटक्यात चालू होते, कधी पाच-सहा वेळा ‘ठक’ करून मग घेते. सेल्फ मारला जात असताना स्टार्टरच्या अंगावर लाकडी दांड्याने हलक्या टिचक्या मारून मोटर फिरली, तर निदान पक्कं झालं. हातोडी वापरू नका, अनेक स्टार्टरमध्ये आत चुंबक चिकटवलेले असतात, ते तडकतात. आणि टिचकीने गाडी चालू झाली म्हणजे दुरुस्त झाली असं नाही, त्याच दिवशी कामाला टाका. कार्बन आणि कॉन्टॅक्ट बऱ्याच स्टार्टरमध्ये सुटे बदलता येतात, तेव्हा अख्खा स्टार्टर बदलण्याआधी ‘ओव्हरहॉल होईल का’ असं विचारा.

स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन नट जोडून सेल्फ मारायची युक्ती कुणी दाखवली तर नको म्हणा. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती अंगावर येते.

## ८. इंजिनच अडकलंय का

हे क्वचित घडतं. किल्ली काढून क्रँकशाफ्टच्या पुलीचा बोल्ट लांब दांड्याच्या पान्याने इंजिन फिरण्याच्या दिशेने फिरवून बघा. जोर लावून का होईना, ते फिरायला हवं. अजिबात हलत नसेल तर पुढे काहीही करू नका, मेकॅनिकला बोलवा.

## ९. चालू झाली, आता बॅटरी का उतरली ते बघा

इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. काही नव्या गाड्यांत कंट्रोल युनिट हा आकडा वर-खाली करतं, तेव्हा हेडलाइट आणि एसी लावूनही बघा. १२ च्या घरात राहून घसरतच असेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये. तो तपासायला चालू गाडीत बॅटरीची क्लिप काढायचा जुना प्रकार करू नका. व्होल्टेजचा झटका बसून कंट्रोल युनिट जळू शकतं.

अल्टरनेटर ठीक असेल तर गाडी उभी असताना काहीतरी वीज खातंय का ते बघा. मीटर १० अँपिअरच्या रेंजवर, निगेटिव्ह केबल काढून ती आणि पोस्ट यांच्या मधे लावा. दारं बंद करून अर्धा तास थांबा, सगळी युनिट झोपू द्या. ०.०५ अँपिअरच्या खाली आकडा आला तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढा, ज्या फ्यूजने आकडा पडतो त्या सर्किटमध्ये चोर आहे. मीटर असा लावलेला असताना सेल्फ चुकूनही मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. हिशेबासाठी: ४५ अँपिअर-तासाची बॅटरी डिकीतला ५ वॅटचा दिवा चार-साडेचार दिवसांत रिकामी करतो, चुकून राहिलेले दोन हेडलाइट साडेचार-पाच तासांत.

पूर्ण उतरलेली बॅटरी अर्धा तास गाडी चालवून भरत नाही. ती काढून चार्जरवर रात्रभर लावा, मग चौथ्या पायरीची भाराची चाचणी पुन्हा करा.

## १०. मेकॅनिककडे जाताना

हे कागदावर लिहून न्या: आवाज कुठला, दिवे मंदावले का, उभ्या बॅटरीचा आकडा, सेल्फ मारतानाचा आकडा, अर्थ आणि पॉझिटिव्हची गळती, जंपने काय झालं, बॅटरीची तारीख. ‘गाडी चालू होत नाही’ एवढंच सांगितलंत तर तपासणी शून्यापासून सुरू होते. जुना भाग बदलला तर तो परत मागा, आणि काम झाल्यावर तिथेच मीटर लावून सेल्फ मारतानाचा आकडा पुन्हा बघून घ्या.